कोण आलं नाही, हे कुणाला कळलं?

देवगड तालुक्यातल्या एका बंदराजवळच्या गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, आमचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली ख्रिस्ती मंडळी) लहान आहे. साठेक घरं, बहुतेक सगळी एकमेकांच्या नात्यातली. मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. गेल्या काही वर्षांपासून आमच्या बंदरातल्या ट्रॉलरवर झारखंडचे खलाशी येतात. त्यातले दहा-पंधरा जण ख्रिस्ती आहेत, सिमडेगा-गुमला बाजूचे. बोट किनाऱ्याला असली की ते मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येतात, दाराजवळच्या बाकावर बसतात आणि शेवटचं गाणं व्हायच्या आत निघून जातात. गेल्या वर्षी 8 डिसेंबरच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) आम्ही पंगत घातली आणि त्यांना मागच्या गेटवर पार्सल दिलं. मला ते फार लागलं. यंदा मी कमिटीत विषय काढला की त्यांनाही आपल्याबरोबर बसवू या. कमिटीचे प्रमुख माझे मोठे दीर आहेत. ते म्हणाले, 'ते आज आसत, फाल्या (उद्या) नसतले. तेंका कित्याक पंगतीत?' बाकीचे म्हणाले, त्यांच्या कपड्यांना वास येतो, ते वर्गणी देत नाहीत, कुणी कुणी पिऊन येतात. फादर नवीन आहेत, ते काही बोलले नाहीत. घरी ह्यांचं म्हणणं, भावाशी वाद नको, तू गप्प बस.

त्यांच्यात एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. प्रार्थनेची उत्तरं तो हिंदीत पुटपुटायचा. तीन रविवार तो दिसला नाही. मी बंदरावर जाऊन तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारलं, तेव्हा कळलं की जाळं ओढताना विंचच्या दोरात त्याचा हात सापडला, दोन बोटं गेली, आणि त्याला गावी पाठवून दिलं. चर्चमध्ये कुणाला पत्ताच नव्हता. त्याचं नावही मला तेव्हाच कळलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. आमच्या मावससासूबाईसुद्धा पावसाळ्यापासून चर्चला आलेल्या नाहीत, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, पण त्या निदान आपल्या घरात आहेत. हा मुलगा कुठे असेल? मी काय करू? भांडू की गप्प बसू? फादरना सांगू, की सरळ बिशपना पत्र लिहू?"

प्रिय भगिनी,

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते. त्याआधी पत्रातल्या ज्या वाक्याशी मी थांबले ते सांगते: 'तीन रविवार तो दिसला नाही.' साठ घरांतल्या माणसांमध्ये हे तुमच्या एकटीच्या लक्षात आलं. नुसतं लक्षात येऊन तुम्ही थांबला नाहीत. बंदरावर गेलात, ओळख नसलेल्या तांडेलाला विचारलंत. तुमच्या पॅरिशमध्ये त्या मुलासाठी एवढं एकच काम झालं, आणि ते तुम्ही केलंत.

एखाद्या समाजात माणसाला किंमत आहे का, हे मला एकाच गोष्टीवरून कळतं. तो आला नाही तर कुणाला चुकल्यासारखं होतं का? 'चर्चचं दार सगळ्यांना उघडं आहे' असं आपण म्हणतो आणि ते खरंही असतं. पण उघड्या दारातून कोण आत आलं आणि कोण यायचं थांबलं, हे कुणी बघत नसेल तर त्या उघड्या दाराचा त्या माणसाला काय उपयोग? लूकच्या शुभवर्तमानात, 15 व्या अध्यायात, प्रभू येशू मेंढपाळाची गोष्ट सांगतो. शंभरातलं एक हरवतं, तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला निघतो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. त्याचं शोधायला जाणं आपल्याला फार आवडतं. पण एक कमी आहे हे त्याला कळलं, कारण तो मोजत होता. नव्याण्णवांच्या कळपात एक नसलेलं डोळ्यांना दिसत नाही. आणि योहानाच्या 10 व्या अध्यायात म्हटलं आहे की मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो.

बाप्तिस्म्याच्या विधीत याजक आईवडिलांना अगदी सुरुवातीला विचारतो, मुलाचं नाव काय ठेवलंत? सिमडेग्याकडच्या कुठल्याशा चर्चमध्ये वीसेक वर्षांपूर्वी हा प्रश्न त्या मुलाच्या आईला विचारला गेला असेल. तिनं नाव सांगितलं असेल आणि ते नाव घेऊन याजकानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं असेल. तुमच्या गावात ते नाव कळायला त्याची दोन बोटं जावी लागली. तुम्हाला झोप लागत नाही हे मी समजू शकते, आणि ही बेचैनी लवकर जाऊ नये असंच मला वाटतं.

आता तुमच्या भावोजींचं म्हणणं. 'आज आसत, फाल्या नसतले.' हे त्यांना मनापासून पटलेलं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. खलाशी ऑगस्टला येतात आणि मे संपताना जातात. म्हणजे वर्षाचे दहा महिने ते तुमच्या बंदरात असतात. तुमच्या पॅरिशमधली जी कुटुंबं मुंबईला राहतात आणि मे महिन्यात व फेस्ताला तेवढी येतात, त्यांच्यापेक्षा हे खलाशी तुमच्या गावात कितीतरी जास्त दिवस काढतात. मुंबईकरांना पंगतीत कुणी 'परके' म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

चर्चचा स्वतःचा कायदाही याबाबत स्पष्ट आहे. 1983 साली लागू झालेल्या कॅनन लॉमध्ये 102 वं कलम सांगतं की एखाद्या पॅरिशच्या हद्दीत किमान तीन महिने राहायच्या इराद्यानं जो आला, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिला, त्याचं ते तात्पुरतं निवासस्थान ठरतं. 107 वं कलम सांगतं की अशा निवासामुळेही त्या माणसाला तिथला धर्मगुरू आपला धर्मगुरू म्हणून मिळतो. कायमचं घर असावंच लागतं असं नाही. बंदर तुमच्या पॅरिशच्या हद्दीत आहे, तेव्हा ऑगस्टमध्ये आलेला ख्रिस्ती खलाशी नोव्हेंबर उजाडेपर्यंत तुमच्या पॅरिशचा माणूस झालेला असतो. त्याला पंगतीत घेणं म्हणजे पाहुण्यावर उपकार नव्हेत, तो घरचाच आहे. 529 वं कलम धर्मगुरूला सांगतं की आपल्या माणसांना ओळखून घे, आणि गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या मुलखापासून दूर पडलेल्यांकडे विशेष लक्ष दे. फादर नवीन आहेत आणि गप्प राहिले म्हणता. हे कलम त्यांना माहीत असणारच. गावातली नाती अजून कळलेली नाहीत म्हणून ते बोलले नसतील. त्यांना एकट्याला भेटा आणि 102, 107, 529 हे तीन आकडे त्यांच्यासमोर ठेवा. कमिटीच्या बैठकीत मात्र कायदा काढू नका. चारचौघांत कायद्यानं हरवलेला माणूस पंगतीत जागा देईल, पण मनात देणार नाही.

हे खलाशी श्रद्धेच्या बाबतीतही कुणी नवखे नाहीत. गॉस्नर मिशनचे जर्मन मिशनरी रांचीला 1845 साली पोचले. बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स छोटानागपुरात 1885 साली आले आणि जमिनी गमावणाऱ्या मुंडा-उरांव शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. 2011 च्या जनगणनेत सिमडेगा जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक ख्रिस्ती नोंदले गेले. रांचीचे आर्चबिशप तेलेस्फोर टोप्पो 2003 साली कार्डिनल झाले, ते याच उरांव समाजातले. त्या मुलखातला मुलगा भरल्या चर्चमध्ये मांदर या ढोलाच्या तालावर तिकडच्या सादरी बोलीतली गाणी गात वाढलेला असतो. तुमच्याकडे तो दाराजवळ बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. त्याची श्रद्धा काही रेल्वेत बसल्यावर कमी झाली नाही. आपल्यामध्ये मोठ्यानं म्हणायची हिंमत त्याला होत नाही.

आणि आपण कोण? सिंधुदुर्गातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची मुळं गोव्यात आहेत. ती माणसं कधीतरी परकी म्हणूनच इथे आली. आजही तुमच्या साठ घरांतली किती मुलं कुवेतला, मस्कतला, मालवाहू जहाजांवर आहेत ते मोजून बघा. पूर्वी गोव्यातली जहाजी मुलं बोट लागेपर्यंत मुंबईत धोबीतलावाजवळच्या आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे वसतिगृहात, राहायची. तिथे एक वेदी असायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची रीत असायची. परक्या ठिकाणी माणूस हरवू नये म्हणून गावांनी ती व्यवस्था उभी केली होती. 1920 साली ग्लासगोमध्ये कॅथलिकांनी समुद्रावरच्या माणसांसाठी जे कार्य सुरू केलं, ते आज 'स्टेला मारिस' या नावानं जगभरच्या बंदरांत चालतं. तुमच्या गावातला एखादा जहाजी रॉटरडॅमला किंवा सिंगापूरला उतरतो तेव्हा त्याला नावानं विचारणारं कुणीतरी तिथे असावं, असं त्याच्या आईला वाटतंच ना? झारखंडच्या आईला तुमच्या बंदराबद्दल तेच वाटत असेल.

पंगतीचं मला जास्त बोलायचं आहे. 'जेवण तेच दिलं, तांदूळ तोच, मटण तेच, मग फरक काय?' असं तुम्हाला कुणीतरी म्हणेल. हा प्रश्न पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीत उभा राहिला होता. तिथले ख्रिस्ती एकत्र जमून जेवायचे आणि त्यातच प्रभुभोजन करायचे. काहीजण इतरांसाठी न थांबता आपलं जेवण उरकायचे. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते उपाशी राहायचे आणि दुसरीकडे कुणी पिऊन तर्र झालेला असायचा. संत पौलाला हे कळलं तेव्हा पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात त्यानं लिहिलं की तुम्ही जे करता ते प्रभूचं भोजनच नव्हे. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता आणि देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता. किती वाढलं, काय वाढलं, यावर त्याचा भर नाही. एकत्र बसला नाहीत, एकमेकांसाठी थांबला नाहीत, ही त्याची तक्रार आहे. वेदीवरच्या एका भाकरीत सगळ्यांना वाटा द्यायचा आणि मांडवात आल्यावर काहींना मागच्या गेटवर पाठवायचं, या दोन गोष्टी एका दिवशी, एका आवारात करता येत नाहीत. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही कमिटीतल्या प्रत्येकानं घरी उघडून बघावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तू तिथे उभा राहा', हे अगदी याच शब्दांत तिथे आहे. वासाच्या तक्रारीला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ज्या मासळीवर आपलं बंदर, आपला बाजार आणि कितीतरी घरांच्या चुली चालतात, तिचाच तो वास आहे.

आपण कोकणातली माणसं. 1927 साली याच कोकणात, महाडला, माणसांना तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. कुणाला पाणवठ्याबाहेर किंवा पंगतीबाहेर ठेवलं की त्याचं काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. आणि चर्च यातून सुटलेलं आहे असंही समजू नका. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं 2016 साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, ते चर्चच्या आत भेदभाव होतो हे मान्य करूनच.

वर्गणीचं उत्तर छोटं आहे. मंदिराच्या दानपेटीत विधवेनं टाकलेली दोन नाणी प्रभूनं पाहिली आणि तिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं असं सांगितलं. वर्गणी आणि ताट यांचा संबंध जोडायचा असेल तर गावातल्या ज्या घरांची बाकी आहे त्यांचीही ताटं उचलावी लागतील. दारूचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकू नका. फेस्ताच्या मांडवात पिऊन यायचं नाही असा नियम करा, पण गावकऱ्यांना आणि खलाशांना एकच नियम लावा.

आता पंगतीत बसवायच्या पुढची गोष्ट. समजा कमिटी हो म्हणाली आणि यंदा खलाशी सगळ्यांबरोबर बसले. तेवढ्यानं त्यांना किंमत मिळाली असं मी म्हणणार नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतली एक तक्रार आहे, ती तुमच्या तक्रारीसारखीच आहे. ग्रीक बोलणारे म्हणू लागले की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. वाटप स्थानिकांच्या हाती होतं आणि भाषा वेगळी असलेल्या विधवा नजरेतून सुटत होत्या. प्रेषितांनी काय केलं? 'यापुढे लक्ष ठेवू' असं आश्वासन देऊन विषय संपवला नाही. सात माणसं निवडायला लावली आणि वाटपाचं सगळं काम त्यांच्यावर सोपवलं. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं आहेत. नीकलाव तर अंत्युखियाचा, मूळचा यहूदीही नव्हे. ज्यांच्या बाजूनं तक्रार आली होती, वाढायची पळी त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे गेली. त्यातला स्तेफन पुढे ख्रिस्तासाठी पहिला रक्तसाक्षी झाला. 26 डिसेंबरला आपण त्याचाच सण पाळतो. फिलिप्प शोमरोनात शुभवर्तमान घेऊन गेला. ही माणसं तक्रार ऐकली गेली नसती तर कुठल्यातरी कोपऱ्यातच राहिली असती.

म्हणून फेस्ताच्या दिवशी वाढणाऱ्यांत त्यांच्यातले दोघेतिघे घ्या. वाढणाऱ्याला पंगतीत जो मान असतो तो बसणाऱ्यालाही नसतो, हे आपल्याला सांगायला नको. विश्वासूंच्या प्रार्थनांमधली एखादी प्रार्थना त्यांच्यातल्या कुणीतरी हिंदीत म्हणावी. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एक गाणं त्यांच्या सादरीत व्हावं. कॉयरमध्ये घुमट हे तालवाद्य वाजवणारं कुणी असेल तर तो त्यांचा ताल एका संध्याकाळी उचलेल.

पण यातलं काहीही ठरवण्याआधी त्यांना विचारा. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, लोक त्याला दटावत होते. येशूनं थांबून त्याला बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे उघड होतं, तरी त्यानं विचारलं. तुमच्या खलाशांना कदाचित पंगतीपेक्षा हिंदीत पापनिवेदन हवं असेल. कदाचित रविवारी सकाळी बोट समुद्रात असते, म्हणून शनिवारी संध्याकाळचा मिस्सा हवा असेल. शनिवार संध्याकाळच्या मिस्सानं रविवारचं कर्तव्य पुरं होतं, तेव्हा फादरना हे करता येण्याजोगं आहे. कदाचित पंगतीत बसायला त्यांनाच संकोच वाटत असेल. जवळपासच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी झारखंडच्या सिस्टर आहेत का, तेही बघा. असल्या तर त्यांच्याइतकी या मुलांना बोलतं करणारी माणसं तुम्हाला मिळणार नाहीत. 21 नोव्हेंबर हा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन. त्या सुमारास फादरनी एकदा जेटीवर यावं, बोटींना आशीर्वाद द्यावा आणि त्या निमित्तानं एक वही भरावी: प्रत्येकाचं नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट, कुठल्या बोटीवर आहे. ही वही धर्मशिक्षणाच्या मुलांकडून लिहून घ्या. मुलं नावं पटकन लक्षात ठेवतात आणि पुढच्या रविवारी त्याच नावानं हाक मारतात. मोठ्यांना लाज वाटते तिथे मुलांना वाटत नाही.

भावोजींशी कसं बोलावं? त्यासाठी बायबलमधलं एक अगदी लहान पत्र वाचा, फिलेमोनाला लिहिलेलं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, धन्यापासून दूर गेलेला आणि तुरुंगातल्या पौलापाशी ख्रिस्ती झालेला. पौल त्याला परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. त्यात तो म्हणतो, मला तुला आज्ञा करता आली असती, पण प्रीतीस्तव मी विनंती करतो. याला दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार. त्याच्याकडून तुझं काही येणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. विनंतीही किती मानानं केलेली आहे आणि मागणं केवढं मोठं आहे! तुम्ही हेच करा. बैठकीच्या आधी, घरात, चहा घेऊन भावोजींपाशी बसा. कमिटीत त्यांना तोंडघशी पाडायचं नाही हे तुमच्या यजमानांनाही सांगा, म्हणजे त्यांचीही भीती कमी होईल. गेल्या वर्षीचं काढू नका. त्या मुलाच्या बोटांचं सांगा. ते त्यांना माहीत नसेल. मग म्हणा, भावोजी, त्यांच्या ताटांचा जो काही खर्च येईल तो माझ्या नावावर मांडा, पण त्यांना आपल्यात बसवा, तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल. मोठ्या माणसाला मोठेपणानं वागायची संधी दिली की तो पुष्कळदा तसा वागतो. मी हे दिखाव्यासाठी सुचवत नाही. इतकी वर्षं कमिटी सांभाळणाऱ्या माणसाचाही मान राखला पाहिजे, त्यांचीही किंमत देवाच्या नजरेत तेवढीच आहे.

बिशपना पत्र आत्ता लिहू नका. बिशप असतात ती सावंतवाडी लांब नाही आणि 2005 पासून सिंधुदुर्गाला स्वतःचा धर्मप्रांत आहे, ते दार उघडं राहीलच. पण ज्या गोष्टी बंदर, स्वयंपाकघर आणि फादरचं घर इतक्या अंतरात सुटू शकतात त्या आधी तिथेच सोडवून बघाव्यात.

आणि समजा कमिटी नाही म्हणाली, तर? तर 8 डिसेंबरला तुमचं ताट घ्या आणि मागच्या गेटपाशी जाऊन त्यांच्याबरोबर बसून जेवा. भाषण नको, रडू नको, कुणाकडे रागानं बघणं नको. पुढच्या रविवारी दाराजवळच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसा. भांडू की गप्प बसू, हा तुमचा प्रश्न होता. या दोहोंखेरीज त्यांच्या शेजारी जाऊन बसणं हा तिसरा मार्गही आहे, आणि त्याला कमिटीची परवानगी लागत नाही.

आता एक गोष्ट, तुम्ही जिच्यावरून अर्ध्या वाक्यात पुढे गेलात. तुमच्या मावससासूबाई. 'त्या निदान आपल्या घरात आहेत' असं तुम्ही लिहिलंत. घरात आहेत हे खरं. पण रविवारी सकाळी घंटा ऐकू येते तेव्हा त्या घरात काय करत असतात, हे तुम्हाला माहीत आहे का? पावसाळ्यापासून म्हणजे कितीतरी रविवार झाले. आयुष्यभर ज्या बाईनं त्या पायऱ्या चढल्या, तिला त्या चढवेनाशा झाल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणी कठडा बसवला नाही, बाजूच्या दाराला जांभ्याचा उतार केला नाही, गाडीनं आणायला कुणी गेलं नाही. दूरच्या मुलासाठी तुमचं मन तळमळलं, ते मोलाचं आहे. तसंच मन जवळच्या माणसासाठीही जागं असू द्या. ओळखीच्या माणसाची गैरहजेरी लवकर सवयीची होते, म्हणून हे सांगते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कोम्युनियन नेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. फादरना वेळ नसेल तर 1973 पासून चर्चनं हे काम करायला नेमलेल्या सामान्य भाविकांनाही परवानगी दिली आहे. तुम्ही धर्मशिक्षण देता, तुम्हीच त्यासाठी नाव द्या. आणि कोम्युनियन घेऊन गेलात तर लगेच उठू नका. कोण आलं होतं, कुणी कुठलं गाणं म्हटलं, प्रवचनात काय झालं, हे सगळं त्यांना सांगा. त्यांना हवी असेल ती बातमी हीच.

त्या मुलाचं नाव तुम्हाला आता माहीत आहे. त्याचा किंवा त्याच्या घरचा फोन नंबर तांडेलाकडे किंवा बोटमालकाकडे असणार. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख रुपये अशी त्यात तरतूद आहे. बोटं गेलेल्या हाताचा त्यात विचार होतो का आणि मुळात त्याची नोंद झाली होती का, हे मालकाला विचारा. शिवाय मालवणच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्त कार्यालयात कुणाला तरी घेऊन चौकशी करा. दवाखान्याचे कागद त्याच्याकडे आहेत का, मालकानं उपचाराचे पैसे दिले का, हेही बघा. पण हे सगळं नंतर. आधी फोन लावा. मोडकी हिंदी चालेल. कोण बोलतंय ते सांगा, कुठल्या चर्चमधून ते सांगा, हात कसा आहे ते विचारा. कमिटीच्या बैठकीसाठी थांबू नका, या आठवड्यातच लावा.